उरलेला एक चेंडू

सोनबाजी,

रविवारी तुमची शोकसभा झाली. वेळ पाचची छापली होती, सुरू झाली पावणेसहाला, कारण अध्यक्षांना आधीची एक शोकसभा आटोपून यायचं होतं. आल्या आल्या त्यांनी तुमच्या फोटोला हार घातला, माईक दोनदा ठोकून पाहिला आणि म्हणाले, नागपूरनं एक महान फलंदाज गमावला.

पुढच्या रांगेत तुमची लेक मंजुळा बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. तुम्हाला उभ्या आयुष्यात एकदाही कुणी बॅट घेऊन मैदानात जाऊ दिलं नव्हतं, हे त्या सभागृहात आम्हा दोघांनाच माहीत होतं. अध्यक्षांनी मात्र तुमचे चौकार डोळ्यांसमोर उभे केले. तुम्ही मारलेला चेंडू बघायला रस्त्यावरचे टांगे थांबायचे म्हणे. तेवढ्यात मला मागून खाकरल्याचा आवाज आला, तुमचा तो कोरडा, एकदाच केलेला. मी वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. पण शेवटच्या रांगेतल्या सगळ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही.

मला बोलायला सांगितलं. मी घसा बसल्याचं कारण दिलं. घसा ठणठणीत होता. जे बोलायला हवं होतं ते दोन वर्षांपूर्वी याच सभागृहात बोलायला हवं होतं, मी नव्हे, तुम्ही. आणि तेव्हा मीच तुम्हाला बोलू दिलं नाही. म्हणून आता हे लिहितोय.

आपली ओळख शाळेतली. मी इंग्रजी शिकवायला रुजू झालो तेव्हा तुम्ही शाळेच्या मैदानावर होतात. हुद्दा माळ्याचा होता. मैदानात झाड एकच होतं, कडुलिंबाचं, आणि ते आपलं आपण वाढत होतं. तुमचं खरं काम काथ्याची चटई अंथरायची, कडेनं खिळे ठोकायचे आणि खेळ संपला की गुंडाळून ठेवायची. आमच्या ड्रिलमास्तरांना आपल्या बॅटिंगचा फार अभिमान. एकदा ते तुम्हाला म्हणाले, बुढ्ढे, तूही टाक एक. तुम्ही चपला काढल्या. चार पावलं टाकलीत, तीन सारखी आणि चौथं जमिनीला जरा घासून. चेंडू चटईवर ढब् वाजला आणि मधला स्टंप आडवा झाला. ड्रिलमास्तर म्हणाले, तयार नव्हतो. मग ते तयार झाले. मधला स्टंप परत आडवा. तिसऱ्यांदाही तोच. मग त्यांचं डोकं दुखायला लागलं आणि ते घरी गेले. तुम्ही स्टंप उभे केलेत, चपला घातल्यात आणि मला विचारलंत, "मास्तर, चहा घेता का?"

तुमची कहाणी मला त्या चहावर तुकड्यातुकड्यानं कळत गेली. घरात पिढ्यांचं विणकाम. एकोणिसाव्या वर्षी साहेबांच्या जिमखान्यात फाटलेली चटई सांधायला म्हणून गेलात, कारण काथ्याची गाठ मारणं कोष्ट्याशिवाय कुणाला जमत नाही असं कुणीतरी साहेबाला सांगितलं होतं. चटई सांधता सांधता बाजूला आलेला चेंडू तुम्ही परत फेकलात आणि तो पडून आत वळला. साहेबानं आणखी एक फेकायला सांगितला. धोटा फेकून फेकून तयार झालेलं मनगट होतं ते. लहानपणापासून ते उजवीकडून डावीकडे सुताच्या मधून धोटा पाठवत आलं होतं, आता चेंडू पाठवू लागलं. त्या दिवसापासून तुम्ही पगारी गोलंदाज. चटई सांधायचं कामही तुमच्याकडेच राहिलं. सांधणारा आणि त्यावर चेंडू टाकणारा एकच माणूस, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

जिमखान्याच्या रीती तुम्ही मला सांगायचात तेव्हा मला त्या पेशवाईतल्या वाटायच्या. बड्या साहेबाला पहिले वीसेक चेंडू त्याला आवडतील तिथेच द्यायचे. तो पोटभर मारून घामेजला, की 'नाऊ बोल', आता खरी गोलंदाजी टाक, म्हणायचा. तोपर्यंत तुम्ही गोलंदाज नव्हताच, वाढपी होतात. सामन्याच्या दिवशी तुम्ही मागच्या फाटकातून आत यायचात, चहा झाडाखाली वेगळा. समोरचा संघ तुम्ही दुपारपर्यंत गुंडाळायचात, कामठीचे पलटणवाले असोत की जबलपूरचे. पुढे छत्तीसगडकडच्या एका राजानं तुम्हाला दोन हंगाम आपल्याकडे नेऊन ठेवलं, तर साहेबांनी तार करून परत बोलावलं. इतकं असून स्कोअरबुकात दहा गोऱ्यांची पूर्ण नावं आणि खाली नुसतं 'सोनबा'. बॅटिंगला तुमचा नंबर अकरावा. आणि नववा गडी बाद झाला, की कप्तान हात वर करून डाव संपल्याचं सांगायचा. तुम्ही हंगामामागून हंगाम अकराव्या नंबरावर होतात आणि तुमच्या संघाचा डाव कायम दहा जणांचा होता.

हे तुम्ही हसत सांगायचात. धाकट्या साहेबाची गोष्ट मात्र तुम्ही चहावर सांगितली नाहीत. ती कळायला तुम्ही नोकरीतून मोकळे होऊन पाच वर्षं जावी लागली.

तुमच्या घरामागचा बोळ मला आधी आवडायचा. पूर्वी तिथे अख्ख्या मोहल्ल्याचं सूत ताणलं जायचं. दोन टोकांना खुंट, मधे खळ लावलेल्या हजार धाग्यांचा पट्टा, आणि दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत चालणारे लोक. म्हणून तो बोळ इतका लांब आणि इतका सरळ. माग एकेक करून बंद पडले, लोक गिरणीत गेले, खुंट तेवढे राहिले. दुपारी तिथे चिटपाखरू नसायचं. तुम्ही पावणेपाचला घरातून अर्धी चटई काढायचात, बोळाच्या घराकडच्या टोकाला अंथरायचात, मागे तीन स्टंप रोवायचात आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचात.

आणि थांबायचात.

हे थांबणं मी तुमच्या मागच्या ओट्यावर बसून किती दुपारी पाहिलं, सोनबाजी. तुम्ही श्वास घ्यायला थांबत नव्हता. फलंदाज येतो, बॅटनं चटई ठोकतो, आजूबाजूचे खेळाडू कुठे उभे आहेत ते मान फिरवून बघतो, मग खाली वाकतो. बरोबर तितका वेळ तुम्ही थांबायचात. एखाद्या दिवशी जास्त, जणू समोरच्यानं हात वर करून थांबवलंय. मग चार पावलं, चौथं घासून, आणि ढब्. स्वतः जाऊन चेंडू उचलून आणायचात. परत थांबणं. परत ढब्. मग चटई गुंडाळायला घ्यायचात. रोज दोनच चेंडू. तिसरा कधीही नाही.

एकदा मी म्हणालो, सहा तरी टाका, व्यायाम होईल.

"दोनच राह्यले," तुम्ही म्हणालात.

मग चटईवरच बसून तुम्ही ते सांगितलंत. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. धाकटा साहेब जंगलखात्यात नवा आलेला, विशी-बाविशीचा. तुमचं नाव काय, हे विचारणारा जिमखान्यातला तो पहिला माणूस. तुमच्या झाडाखाली येऊन बसायचा, चेंडू कसा धरता ते बघायचा. एका रविवारी बडा साहेब दौऱ्यावर होता आणि कप्तान हा धाकटा होता. सकाळीच त्यानं स्वतःची बॅट तुमच्या हातात दिली आणि म्हणाला, आज तू खेळायचं. नववा गडी बाद झाला. तुम्ही बॅट घेऊन उठलात, तीन पावलं चाललात. तेवढ्यात चहाची घंटा झाली. धाकट्यानं हसत हात हलवला, मागे फिर अशा अर्थी, आणि डाव संपवला. वाईट हेतू नव्हता त्याचा. चहा आला होता, एवढंच. तुम्ही तीन पावलं परत आलात, बसलात, बॅट पुसून त्याला परत दिलीत.

पुढच्या रविवारी साहेबांचा आपसातला खेळ होता, त्यात गोलंदाजी एकाच टोकाकडून चालायची. आदल्या संध्याकाळी तुम्ही चटई सांधली होती. सांध्याची बोराएवढी गाठ वर राहिली. ती ठोकून खाली बसवायला दिवस मोडतो, म्हणून रीत अशी, की सांधलेलं टोक गोलंदाजाच्या पायाखाली घालायचं, फलंदाजाच्या बाजूला कधीच नाही. त्या दिवशी चटई तुम्हीच अंथरलीत. खिळे ठोकून झाल्यावर तुमच्या लक्षात आलं, की गाठ उलट्या टोकाला गेली आहे, नेमकी चेंडू पडायच्या जागी. साहेब लोक आत आले होते. सगळे खिळे काढून चटई फिरवावी लागेल, असं बड्या साहेबाला तुम्ही सांगायचं होतं. तुम्ही सांगितलं नाही.

धाकटा खेळायला आला. ओव्हरचा चौथा चेंडू गाठीवर पडला, उसळला आणि त्याच्या कानशिलावर बसला. तो पडला नाही. उभा राहिला, टोपी नीट केली, तुमच्याकडे बघून 'वेल बोल्ड' म्हणाला, बॅटनं चटई दोनदा ठोकली आणि खेळायला वाकला. तुम्ही चेंडू घेऊन मागे वळलात. परत फिरून पाहिलं तर तो खाली बसला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

जिमखान्याच्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं, ऊन लागल्यामुळे खेळ सोडला. महिना जानेवारी. नागपुरात जानेवारीत ऊन लागून मेलेला तो एकटाच माणूस असावा. एका कोष्ट्याच्या चेंडूनं साहेब मरू शकतो, हे कागदावर मांडण्यापेक्षा त्यांनी सूर्याला दोषी धरलं. तुम्हाला कुणी विचारलं नाही. बोलावणं आलं नाही, दटावणी नाही, कामावरून काढणं नाही. दुसऱ्या आठवड्यात नवी चटई आली आणि जुनी टाकून दिली. तिचा गाठीकडचा अर्धा भाग तुम्ही खांद्यावर टाकून घरी आणलात.

"ओव्हर पुरी नाही झाली गा, मास्तर," तुम्ही म्हणालात. "दोन चेंडू राह्यले. थो वाकून उभा होता. तयार होता."

मग आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत चालला. मी म्हणालो, अपघात होता. बावीस यार्डांवरून बोराएवढ्या गाठीवर चेंडू मुद्दाम टाकणं कुणाच्या बापाला जमणार नाही. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी तुमच्या आईवरून काही बोललो. चिंचेचं पान ठेवा, त्यावर टाकून दाखवतो, असं सांगून तुम्ही पलटणवाल्यांना गप्प केलं होतं. गाठ कुठे आहे हे तुम्हाला माहीत होतं. आठवड्यापूर्वीची ती तीन पावलं तुमच्या पायात होती. आणि तुमचा हात चुकत नव्हता.

"माहा हात चुकला म्हनलं त मी कशाचा गोलंदाज?" तुम्ही म्हणालात. "अन् नाही चुकला म्हनलं त मंग मी कोन?"

मी तर्कशास्त्र काढलं, शक्यता काढल्या, ग्रीकांपर्यंत गेलो. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख ऐकवत नाही, तो लगेच उत्तर शोधायला धावतो. शेवटी मी विचारलं, रोज दोन चेंडू टाकता, त्यातला कधी पडतो का गाठीवर?

"ते मी पाहत नाही," तुम्ही सहज म्हणालात. "मी थो उभा हाये का ते पाहतो."

त्या दिवशी मी सायकल नेहमीपेक्षा जोरात मारली.

त्यानंतर एकदा ओट्यावर बसलो असताना माझं लक्ष चटईच्या माझ्या बाजूच्या टोकाकडे गेलं, स्टंपांच्या पुढ्यात. तिथे तळहाताएवढी जागा झिजून भुसभुशीत झाली होती. फलंदाज बॅट ठोकतो ती जागा. या बोळात कधीही कुणी बॅट घेऊन उभं राहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, उंदरांनी कुरतडलंय. "हाव, उंदीर असन," तुम्ही म्हणालात. इतक्या पटकन तुम्ही माझं म्हणणं कधीच मान्य केलं नव्हतं.

मग तुम्ही मागणं सुरू केलंत. रिकाम्या जागेला टाकलेला चेंडू ओव्हरमधे धरत नाहीत, हा खेळाचा नियम तुम्ही मला समजावून सांगितलात. म्हणजे इतक्या वर्षांचे रोजचे दोन चेंडू कुठेच जमा झाले नव्हते. समोर जिवंत माणूस हवा. "बॅट नको, काही नको. नुसते उभे राहा ना गा मास्तर. दोन चेंडू. माही ओव्हर होऊन जाते." मी म्हणालो, मी असल्या गोष्टी मानत नाही. तुम्ही म्हणालात, मानत नसाल तर उभं राहायला काय हरकत आहे? ती भुसभुशीत जागा मला दिसत होती आणि तिथे माझा पाय ठेवायची माझी हिंमत नव्हती. आज कबूल करतो. तेव्हा मी गुडघ्याचं कारण दिलं होतं.

आता सत्काराचं.

शहराला अचानक तुमची आठवण झाली, कारण एका क्रीडामंडळाला मंत्र्यांना बोलवायला निमित्त हवं होतं. मानपत्र लिहायचं आणि सूत्रं सांभाळायची, ही दोन्ही कामं माझ्याकडे आली. मी ज्या भाषेची आयुष्यभर टर उडवली त्याच भाषेत मानपत्र लिहिलं, तेजस्वी तारा वगैरे सकट. सकाळी तुम्ही ते माझ्याकडून वाचून घेतलंत.

"यात धाकट्या सायबाचं काहून नाही?"

मी म्हणालो, मानपत्रात तसं बसत नाही.

"मंग मीच सांगतो," तुम्ही म्हणालात आणि नवं धोतर नेसायला आत गेलात.

संध्याकाळी शाल झाली, नारळ झाला, मंत्र्यांचं भाषण झालं. त्यात त्यांनी स्वतःच्या लहानपणच्या विटीदांडूची सविस्तर माहिती दिली. मग तुम्ही उठलात. माईक तुमच्यापेक्षा उंच होता. तुम्ही तो खाली केला नाहीत, मान वर केलीत. "एक गोष्ट सांगाची राह्यली," तुम्ही म्हणालात. "मले आजवर कोनं इचारलंच नाही. मी एका पोराले..."

मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. मी उठलो, तुमच्या खांद्यावर हात ठेवला, माईक माझ्याकडे ओढला आणि सभेला सांगितलं, की सत्कारमूर्तींना भावना अनावर झाल्या आहेत. टाळ्या झाल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. राग नव्हता. तुम्ही मुकाट वळलात आणि आपल्या खुर्चीकडे गेलात. मी आभारप्रदर्शन वाचत होतो तरी तुमची पावलं मला मोजता आली. तीन होती.

धाकट्या साहेबाला निदान चहाची घंटा ऐकू आली होती. मला कसली?

त्यावर आपण कधी बोललो नाही. मी पूर्वीसारखाच येत राहिलो, तुम्ही पूर्वीसारखाच चहा विचारत राहिलात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी तुम्ही पावणेपाचला बोळात जायचात. शेवटच्या महिन्यात खोकला वाढला आणि तुमचं मागणं कमी झालं. एकदाच म्हणालात, "थोही कंटाळला असन. इतकी वर्षं वाकून उभा हाये." मी म्हणालो, बघू पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात खरोखरच गुडघा दुखायला लागला. मला फार बरं वाटलं.

तुम्ही गेलात ती दुपार मंजुळेनं मला तेरवीच्या दिवशी सांगितली, जेवणाच्या पंगती उठल्यावर.

"बा म्हने, मास्तर काही येत नाही. मी म्हनलं, मंग मी उभी राहतो. त माह्याकडे पाहून हासला. म्हने, तू उभी राह्यली त चालते, पदर खोच वं." ती चटईवर उभी राहिली. तुम्ही तिकडच्या टोकाला गेलात, थांबलात. ती म्हणते, तुम्ही तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या जरा बाजूला बघत होता, आणि तिला मागे वळून पाहावंसं वाटलं पण पाहिलं नाही. चार पावलं टाकलीत. चेंडू हळूच सरपटत तिच्या पायाशी आला.

"बा बोलला, एक झाला. अन् तिथंच खाली बसला. मले वाटलं, दम खाऊन राह्यला."

पंगतीची पानं गोळा होत होती. मंजुळा म्हणाली, "एक राहून गेला, मास्तर. तुमी आला असता तं..." तिनं आत जाऊन चटई आणली आणि माझ्या पायाशी ठेवली.

सोनबाजी, चटईला तुम्ही कधी कुणाला हात लावू दिला नाही. काल दुपारी मी ती बोळात पहिल्यांदा स्वतः अंथरली. काथ्या सगळा तुम्ही वेळोवेळी बदललेला, कुठे काळपट, कुठे भुरा, कुठे ताजा पिवळा. मूळच्या चटईतलं काही उरलं असेल तर ती गाठ. गाठीभोवती ताटाएवढं एक कडं होतं. पुन्हा पुन्हा चेपलेलं, पुन्हा पुन्हा सांधलेलं, चेंडूंनी कुटलेलं. आणि बरोबर मधे गाठ, टुणटुणीत. तिचे केसही मोडले नव्हते. इतक्या वर्षांत एकही चेंडू तिच्यावर पडला नव्हता.

मी तिथेच उकिडवा बसलो. पहिल्यांदा वाटलं, जिंकलो. तुम्हाला ओरडून सांगावं, हे बघा, तुमचा हात तिथे जाऊ शकत नव्हता, जमलं असतं तर निदान एकदा पडला असता, अपघात होता तो, सुटलात. मग ते कडं परत पाहिलं. त्याची आतली कड इतकी गोल होती, की जणू कंपासनं काढलेली. बोराएवढ्या गाठीपासून बोटभर अंतर राखून रोज चेंडू टाकायचा, डोळ्यांत मोती उतरल्यावरही, आणि एकदाही तिला लागू द्यायचा नाही. ज्याला हे जमतं त्याला नेमकं गाठीवर टाकणंही जमतं. मी कितीतरी वेळ त्या गाठीकडे बघत बसलो. आपला वाद होता तिथेच आहे. सोमवारी मला तुमचं पटतं, मंगळवारी माझं.

तर मानपत्रातून मी वगळलेलं इथे लिहून ठेवतो, लोकांनी वाचावं म्हणून. सोनबाजी कोष्टी, पगारी गोलंदाज, यांच्या चेंडूनं एक भला तरुण माणूस मेला. उन्हानं नाही. चटई उलटी पडली होती हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते सांगितलं नाही. चेंडू त्यांनी मुद्दाम तिथे टाकला की नाही, हे त्यांना आयुष्यभर ठरवता आलं नाही, आणि त्यांनी स्वतःला सोयीचं उत्तर एकदाही घेतलं नाही. त्यांना हे सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही.

पावणेपाच झाले तेव्हा मंजुळेनं तुमचा चेंडू बोळाच्या पलीकडच्या टोकाला, तुम्ही चपला काढायचात त्या खुंटापाशी, जमिनीवर ठेवला आणि ती ओट्यावर येऊन बसली. मी स्टंपांपुढे जाऊन उभा राहिलो. पाय कुठे ठेवायचे ते चटईनंच सांगितलं. त्या भुसभुशीत जागेच्या अलीकडे दोन पुसटसे खळगे होते, माझ्या चपलांपेक्षा जरा मोठ्या पायांचे. मंजुळा अनवाणी उभी राहिली होती आणि तिचे पाय लहान आहेत.

बोळ रिकामा होता. ऊन खुंटांच्या निम्म्यावर आलं होतं. मी उगाच मान फिरवून आजूबाजूला पाहिलं, कोण कुठे उभं आहे ते. का पाहिलं, माहीत नाही. मग वाकलो. गुडघा दुखला नाही.

थांबलो. फार वेळ थांबलो असेन.

मग पावलं आली. तीन सारखी. चौथं घासून.

मी डोळे मिटले. समोर ढब् असा आवाज झाला, जवळच. पँटच्या कडेला वाऱ्याएवढं काहीतरी लागून गेलं. मंजुळा ओट्यावरून हलक्या आवाजात म्हणाली, "बा."

चिंच पडली असेल. शेजारच्या अंगणात चिंचेचं झाड आहे. चेंडू खुंटापाशीच आहे की माझ्या मागे आलाय, गाठ शाबूत आहे की चेपली, हे सगळं डोळे उघडून बघता आलं असतं. तीस वर्षं मी मुलांना तेच शिकवलं, आधी पाहा आणि मग बोला. सोनबाजी, काल मी डोळे मिटलेलेच ठेवले आणि त्या जानेवारीत जे कुणी म्हणालं नव्हतं ते बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणालो.

"ओव्हर."